गाण्याच्या बोलीवर दिलेली टेकडी

एफ्रॉनसारख्या मुठीएवढ्या गावात अख्ख्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी कशी काय, हा प्रश्न शेजारच्या ड्रॅमंडच्या लोकांना पिढ्यानपिढ्या पडत आला आहे. ड्रॅमंडला रेल्वे आहे, मोठा रस्ता आहे, इस्पितळ आहे. एफ्रॉनला एक टेकडी आहे आणि तिच्यावर विटांचं कोर्ट आहे, बस्स. खरं तर कचेरी आधी ड्रॅमंडलाच होती. एका पहाटे एफ्रॉनची माणसं बैलगाड्या घेऊन गेली आणि दप्तरं, न्यायाधीशाची खुर्ची आणि त्या खुर्चीत झोपलेला कारकून, सगळं उचलून घेऊन आली. ड्रॅमंडवाले याला चोरी म्हणतात. एफ्रॉनवाले स्थलांतर म्हणतात, तेही हसू दाबून.

आणलेली कचेरी ठेवायला जागा दिली ओबडाया स्नेलग्रोव्हनं. हा कापसाचा मोठा मळेवाला, गुलामांचा धनी, व्यवहारात कवडीचुंबक, पण गाण्यापुढे ठार वेडा. त्यानं टेकडी फुकट दिली ती एका बोलीवर. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी या घरात चारही आवाजांचं गाणं झालं पाहिजे, आणि ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी टेकडी त्याच्या वारसांकडे परत. ही अट गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारली तरी तोंडपाठ येते.

आणि गाणं झालं, दर वर्षी झालं. कोर्ट आतून जळालं, नुसत्या विटांच्या भिंती उरल्या, त्या वर्षी लोकांनी गरम राखेत ओली पोती अंथरली आणि त्यांवर उभं राहून गायलं. युद्धात तरणे पुरुष नव्हते तेव्हा काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांनी खर्ज सांभाळला. साथीच्या वर्षी फक्त चार माणसं आली आणि चार कोपऱ्यांतल्या चार खिडक्यांत उभी राहून गायली. कपाशीला बोंडकिडा लागला, गिरणी आली, गिरणी गेली, गावाबाहेरून वळणरस्ता झाला, चौकातल्या निम्म्या दुकानांच्या काचांना आतून पुठ्ठे लागले. गाणं मात्र चुकलं नाही. एखादं गाव नुसत्या गळ्याच्या जोरावर इतकी वर्षं उभं राहतं, हे मनात आलं की ओलीटा ग्रिग्जच्या अंगावर अजूनही काटा येई.

ओलीटाची खानावळ कोर्टाच्या बरोबर समोर. खटल्याच्या दिवशी पंच, वकील, साक्षीदार, आणि सुटला तर आरोपीसुद्धा, सगळे दुपारी तिच्याकडेच तळलेली कोंबडी, पावट्यांची आमटी आणि मक्याचा पाव खायला येत. कोर्ट हललं असतं तर तिची चूल दुसऱ्या दिवशी विझली असती. पण कोर्टाशी तिचं नातं चुलीपुरतं नव्हतं.

लहानपणी दर जुलैत तिची आई, व्हॅश्टी, तिला घेऊन गाणं ऐकायला जायची. खाली दालनात गोरी माणसं पोकळ चौकोन करून बसत. चार बाजूंना चार आवाज: खर्ज, चाल, मधला आणि उंच. चौकोनाच्या मधोमध एक जण उभा राहून हातानं ताल देई. काळ्या माणसांनी वर गॅलरीत बसायचं आणि तोंड मिटून ऐकायचं, असा नियम होता. ऐकायला बंदी नव्हती. ऐकता ऐकता शिकायला बंदी घालावी, हे कुणाला सुचलं नाही. त्यांच्या आडव्या पुस्तकातले सूर त्रिकोण, गोल, चौकोन आणि शंकरपाळ्याच्या आकारात छापलेले असत. तेच पुस्तक गॅलरीतल्यांनी मिळवलं आणि माउंट निबोच्या लाकडी चर्चमध्ये आपलं गाणं सुरू केलं. तिथे चारही बाक आजतागायत भरतात.

सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं, की हे गाणं ऐकणाऱ्यांसाठी नाही, गाणाऱ्यांसाठी आहे. आणि ते पुरतं ऐकू येतं ते फक्त मधोमध उभ्या असलेल्या माणसाला. कोर्टाच्या त्या मधोमध जागेवर ओलीटाच्या माणसांपैकी कुणीही कधी उभं राहिलेलं नव्हतं. नियम केव्हाच गेला होता, पण बोलवायला कुणी आलं नव्हतं, आणि न बोलावता जाण्यातली ही माणसं नव्हती.

त्या वर्षी जूनमध्ये, खानावळ उघडायच्या आधीच, मिस विनी टाटम दारात येऊन उभ्या राहिल्या. कोर्टातलं गाणं चालवणाऱ्या मंडळींतल्या या सगळ्यात थोरल्या. काठी, टोपी, आणि गुडघे असे की दोन पायऱ्या चढताना तीनदा देवाचं नाव.

"बसू का गं जरा, ओलीटा?"

"बसा ना मिस विनी. चहा गोड की फिका?"

"गोड. फिका चहा ड्रॅमंडवाले पितात." त्या बसल्या, पण चहाला हात लावला नाही. "उंच आवाजाची यूनिस जानेवारीत गेली. मधल्या आवाजाच्या डोरिसला मुलीनं शुश्रूषागृहात ठेवलंय, ती मला ओळखत नाही. आता आमच्यात खर्ज आहे आणि चाल आहे. मधला नाही, उंच नाही."

ओलीटा टेबल पुसत होती. तिनं फडकं टेबलावर टाकलं. "एकही नाही?"

"एकही नाही. आणि स्नेलग्रोव्हच्या वारसांचा वकील मोबील शहराहून पत्र पाठवून मोकळा झालाय. त्या दिवशी तो स्वतः येऊन बसणार आहे. गाणं झालं नाही तर टेकडी विकायची आणि कोर्ट ड्रॅमंडच्या वळणरस्त्यावर न्यायचं, हे म्हणे ठरलेलंच आहे." त्यांनी मान वर केली. "तुमच्या माउंट निबोत चारही बाक भरतात म्हणतात."

"म्हणतात कशाला? येऊन बघायचं होतंत. गाडीनं दहा मिनिटांवर तर आहे."

मिस विनींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हो," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतं."

एवढं सरळ उत्तर ओलीटाला अपेक्षित नव्हतं. तिनं मनात चार टोमणे तयार ठेवले होते, ते तसेच राहिले.

संध्याकाळी ती अमझाया मामांकडे गेली. चर्चचे डीकन अमझाया प्यू म्हणजे माउंट निबोचा खर्ज आणि माउंट निबोचा राग, दोन्ही. व्हॅश्टीही आता त्यांच्याकडेच राहायची. दृष्टी गेल्यापासून ती दिवसभर आतल्या खोलीत खिडकीशी बसून असे. मामा ओसरीवर पावटे सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक शेंग मोडली.

"आम्ही वर बसून तोंड मिटून ऐकायचं, तेव्हा त्यांना आमचे गळे दिसले नाहीत. आता त्यांचे संपले तर आमचे हवेत. आणि पुढच्या वर्षी? गरज सरो, वैद्य मरो."

"मामा, कोर्ट गेलं तर माझी खानावळ जाईल."

"मग ड्रॅमंडला ने. कोंबडी तिथेही तळली जाते."

"आणि विटा? त्या कुठे नेऊ?"

मामांनी हातातली शेंग परत टोपलीत टाकली. कोर्टाच्या विटा याच टेकडीच्या मातीच्या, आणि त्या थापल्या आणि भाजल्या होत्या स्नेलग्रोव्हच्या गुलामांनी, म्हणजे प्यूंच्या पूर्वजांनी. मळेवाल्यानं टेकडी दिली हे सगळे सांगत. टेकडीवर घर कुणी उभं केलं हे फक्त माउंट निबोत सांगत.

"टेकडी स्नेलग्रोव्हची होती, कबूल," ओलीटा म्हणाली. "घर कुणाचं?"

"वकिलासारखं बोलू नकोस. कोंबडी तळणारीनं कोंबडीसारखं बोलावं."

"तुम्ही मला कोंबडी म्हणालात, तर कोंबडीच्या मामाला काय म्हणायचं ते लोकच सांगतील."

मामा हसू आवरत असतानाच आतून आवाज आला. व्हॅश्टीचा आवाज आता सुताएवढा उरला होता, पण तुटत नव्हता.

"अमझाया, मला खालच्या बाकावर बसायचंय."

"ताई, तुला काय ठाऊक, ती माणसं..."

"माणसं मला ठाऊक आहेत. मी त्यांची पोरं सांभाळलीत. मला मरायच्या आधी खाली बसून मधला आवाज गायचाय. तुझा राग तू राख, पण माझ्या वाटेत नको आणू."

थोरल्या बहिणीपुढे डीकनचंही काही चालत नाही. मामांनी उरलेल्या शेंगा बाजूला सारल्या. "मला विचारायला ती बाई स्वतः येऊ दे," ते म्हणाले. "खानावळीतून आलेल्या निरोपावर मी कुठे जात नसतो."

मिस विनी दुसऱ्याच दिवशी आल्या. ओसरीच्या पायऱ्या चढल्या, मध्ये थांबल्या, पुन्हा चढल्या. मामांना त्या लहानपणापासून 'अमझाया, अरे' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मिस्टर प्यू, तुम्ही सगळे येऊन आमच्याबरोबर गाल का?"

मामांनी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ घेतला. ऐंशी वर्षांचं उत्तर होतं, लगेच कसं देतील. मग म्हणाले, "बसा. उन्हातून आलात."

जुलैचा दुसरा रविवार उजाडला तो घाम घेऊनच. कोर्टाचं दालन दुसऱ्या मजल्यावर. व्हॅश्टीला तिच्या दोन भाच्यांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. दालनात मिस विनींनी चौकोन मांडून ठेवला होता, मधल्या आणि उंच आवाजाचे बाक रिकामे ठेवून. एका बाजूला काउंटीच्या न्यायाधीश लँडरमबाई साक्षीला बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मोबीलचा वकील. तरुण होता, घामेजला होता, बोलायला सभ्य होता. अशा माणसाचा राग करणंही अवघड.

माउंट निबोची मंडळी आत आली आणि उंबऱ्याशी क्षणभर थबकली. कितीतरी जणांनी हे दालन जन्मात फक्त वरून पाहिलं होतं. मग त्यांच्यातल्या बायकांनी, एकेक करून, मधल्या आणि उंच आवाजाचे बाक भरले. व्हॅश्टीनं आपल्या बाकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो लाकडावर तसाच ठेवून दिला.

"ओलीटा," मिस विनी म्हणाल्या, "पहिलं गाणं तू घे. मध्ये उभी राहा."

ओलीटा मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं पानाचा आकडा सांगितला.

आणि इथेच घोटाळा झाला. या गाण्याला बाजा नसतो, पेटी नसते. कुणीतरी जाणता माणूस मनानं सूर धरतो आणि सगळ्यांना देतो. कोर्टातले सूर देणारे होते हॉयट बीझली, तेही म्हातारे. माउंट निबोचे सूर देणारे मामा. दोघांना वाटलं, आपणच द्यायचा. दोघांनी एकाच वेळी दिला. बीझलींचा चढा, मामांचा खालचा. शिवाय कोर्टवाले गाणं पळवत नेणारे आणि निबोवाले पाय ओढत, जमीन जोखत चालणारे. दोन ओळींत सगळं कोसळलं, आणि कोसळलं ते अगदी आवाज करून. कुणी हसलं नाही. वकिलानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही द्या, मिस्टर प्यू," बीझली म्हणाले. चेहरा लाल झाला होता, पण म्हणाले.

मामांनी डोळे मिटले, सूर धरला. धरला तोच सोडला. पुन्हा धरला. खर्जाच्या बाकावरून माना त्यांच्याकडे वळल्या. माउंट निबोत हा माणूस झोपेतही चुकला नव्हता. सूर इथे सापडला नाही, तर टेकडी आज, या तासाला, हातची जाणार होती. आणि लोक म्हणणार होते की निबोवाल्यांमुळे गेली.

"मला हे घर खालून ऐकूच येत नाही," मामा शेवटी म्हणाले. "माझा कान वर तयार झालाय."

ते उठले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. बाहेरच्या लाकडी जिन्यावर त्यांची पावलं वाजली, सावकाश. दालनात पंख्यांशिवाय काही हलत नव्हतं. मग वर गॅलरीच्या कठड्याशी त्यांचं पांढरं डोकं दिसलं. ते पहिल्या बाकावर बसले, त्यांच्या बापाच्या जागेवर. डोळे मिटले. आणि वरून सूर आला.

तो ना चढा होता ना खालचा. तो त्या घराचा सूर होता, विटांचा, छताचा, त्या जुन्या फळ्यांचा. बीझलींनी मान हलवली. चारही बाकांनी आपापला सूर त्यातून उचलून घेतला आणि धरून ठेवला. ओलीटानं हात वर केला आणि खाली आणला.

आधी रिवाजाप्रमाणे नुसते आकारांचे बोल, फा, सोल, ला. मग शब्द. ओलीटानं माउंट निबोत मधोमध उभं राहून शेकडो वेळा गायलं होतं, पण हे असं नव्हतं. तिथे आवाज खिडक्यांतून बाहेर शेतांत जायचा. इथे तो भिंतींवर जाऊन परत येत होता आणि तिच्यात शिरत होता. पाठीमागून खर्ज आला तो पायांतून आला, जमीनच बोलावी तसा. समोरून उंच आवाज. उजवीकडून बीझली आणि मिस विनी आणि त्यांची थकलेली माणसं, जी आता थकलेली वाटत नव्हती. चाल पळाली नाही आणि रेंगाळलीही नाही. ती कुणाचीच राहिली नव्हती. डावीकडच्या बाकावर तिची आई तोंड उघडून, मान ताठ करून मधला आवाज गात होती, आणि तो सुताएवढा आवाज त्या सगळ्या गजरात ओलीटाला वेगळा ऐकू येत होता.

तिला वाटलं, राखेवर उभी राहून गायलेली माणसं इथेच आहेत. विटा थापणारी आहेत. तोंड मिटून बसलेली आहेत, आणि त्यांची तोंडं आता उघडली आहेत. ती घाबरली, खरंच घाबरली, एवढी मोठी गोष्ट कधी इतक्या जवळ आली नव्हती. हात आपोआप वरखाली होत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं ते वाहू दिलं.

गाणं थांबलं. थांबल्यावरही घर क्षणभर गात राहिलं.

लँडरमबाईंनी घसा साफ केला. "वकीलसाहेब, अट चार आवाजांची आहे. तुम्हाला किती ऐकू आले?"

वकील समोर बघत होता. त्याच्या अशिलांचं नशीब त्याच्या जिभेवर होतं, आणि जीभ वळवायला त्याला वेळ मिळाला होता. त्यानं रुमालानं मान पुसली.

"चार," तो म्हणाला.

"नीट ऐकू आले?"

"बाई, मी चर्चलासुद्धा जात नाही," तो म्हणाला. "चार आले. नीट आले."

"मग या वर्षीची अट पुरी झाली," लँडरमबाई म्हणाल्या. टेकडी राहिली. कोर्ट राहिलं. ओलीटाला चौकापलीकडची आपली खानावळ डोळ्यांपुढे दिसली. कायद्यापुरतं एकच गाणं पुरेसं होतं, आता सगळ्यांना घरी जायला हरकत नव्हती. कुणी उठलं नाही.

ओलीटा आईपाशी जाऊन वाकली. "आई, बसलीस ना खाली? कसं वाटलं?"

व्हॅश्टीनं विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि मरायच्या वयात ती सवय लावून घ्यायचं तिला कारण नव्हतं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पण वरून जास्त चांगलं ऐकू येतं."

वर गॅलरीत मामा मोठ्यानं हसले.

"इथे आपला एकच बाक कानाशी येतो," व्हॅश्टी म्हणाली. "वर चारही येतात, मिसळून. मला वाटायचं, खाली याहून काहीतरी जास्त असेल. जन्मभर वाटायचं. काही नाही गं. सगळ्यात चांगली जागा आपल्यालाच दिली होती त्यांनी, चुकून."

मिस विनी आपल्या बाकावर होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं, काठीवर भार दिला आणि उठल्या.

"मला ऐकायचंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दालनाच्या एका भिंतीकडे पाहिलं, दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि ओलीटाकडे वळल्या. "वर जायचा जिना कुठून आहे?"

पोरवयापासून त्या घरात दर जुलैत गायलेल्या बाईला वर जायची वाट ठाऊक नव्हती. त्यांना ते त्या क्षणी कळलं, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की ओलीटानं नजर वळवली.

"बाहेरून आहे," ओलीटा म्हणाली. "मागच्या दारानं. चला, मी दाखवते."

तिनं त्यांचा हात धरला. ऊन रणरणत होतं, जिना अरुंद होता आणि कठडा हलत होता. मिस विनी प्रत्येक पायरीवर थांबल्या. खाली दालनात सगळे वाट बघत बसले होते, वकीलसुद्धा. वर पोचल्यावर मामा पहिल्या बाकावर थोडे सरकले.

"इकडे बसा, मिस विनी," ते म्हणाले. "पलीकडचा बाक मोडका आहे. कुणी दुरुस्तच केला नाही."

त्या बसल्या. मामांनी डोळे मिटले आणि सूर दिला.